गूगलवर आहे, पण कोणाच्या सांगण्यावरून? प्रकल्पासाठी वेबसाइट पारखण्याची रीत

डिसेंबर उजाडला की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या महाविद्यालयांत प्रकल्पांची धावपळ सुरू होते. विषय साधारण ठरलेले असतात. तापीचं प्रदूषण, केळीवरचा करपा, बहिणाबाईंची कविता, सातपुड्यातली होळी, सारंगखेड्याचा घोडेबाजार. माहिती मोबाइलवर शोधली जाते, उचलली जाते, झेरॉक्सवाल्याकडे स्पायरल बाइंडिंग होतं आणि तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक पहिलाच प्रश्न टाकतात, "हा आकडा कुठून आणलात?" उत्तर येतं, "सर, गूगलवर लिखेल शे ना!"

गूगल स्वतः काही लिहीत नाही, दुसऱ्यांनी लिहिलेलं दाखवतो. वर काय दाखवायचं हे ठरवताना लोक काय उघडतात, कोणत्या पानाला किती ठिकाणांहून जोडलंय, अशा पुष्कळ गोष्टी तो पाहतो. वरच्या काही ओळी तर पैसे भरून आलेल्या असतात. त्यांच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं असतं. पहिल्या क्रमांकावर आलेलं पान पहिल्या क्रमांकाचं खरं असतं, असं कुठेच ठरलेलं नाही.

खाली पायऱ्या दिल्या आहेत, पण प्रत्येक पायरीला प्रश्न एकच आहे: ही गोष्ट सगळ्यात आधी कोणी सांगितली, आणि त्याला ती कळायला मार्ग काय होता? या प्रश्नाचं उत्तर मिळत नसेल तर पान कितीही देखणं असो, प्रकल्पात घेऊ नका.

पायरी १ : शोधायला बसण्याआधी कागद घ्या

मोबाइल बाजूला ठेवून आधी लिहा की तुम्हाला नक्की काय हवंय. 'केळीची माहिती' हे शोधणं नव्हे. 'रावेर तालुक्यात केळीखाली क्षेत्र किती, कोणत्या वर्षी' हा प्रश्न झाला. प्रश्न असा टोकदार केला की पुढचा प्रश्न आपोआप येतो: हे मोजण्याचं काम कोणाचं आहे? क्षेत्र मोजतो कृषी विभाग. लोकसंख्या मोजते जनगणना. पाऊस मोजतो हवामान विभाग, हतनूर धरणाचा साठा जलसंपदा विभाग. केळीच्या रोगावर प्रयोग करतात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं जळगावातलं केळी संशोधन केंद्र आणि तिरुचिरापल्लीचं राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र. ज्याचं ते काम आहे त्याच्या दारात आधी जायचं. तिथे मिळालं नाही तरच इतरांकडे, आणि इतरांनी ते कुठून घेतलं हे विचारत.

ही पायरी बहुतेक मुलं गाळतात. मग दोन तास शोधून हाती लागतं ते स्पर्धा परीक्षेच्या नोट्सचं एखादं पान, ज्यावर जिल्ह्याची सगळी माहिती असते आणि एकाही ओळीचा ठावठिकाणा नसतो.

पायरी २ : पत्ता वाचायला शिका

वेबसाइटचा पत्ता कसा वाचायचा हे कोणी शिकवत नाही, म्हणून थोडं सविस्तर. सुरुवातीच्या जोडतिरक्या रेघा सोडून द्या. त्यानंतर येणारी पहिली एकेरी तिरकी रेघ शोधा. त्या रेघेच्या डावीकडचा शेवटचा तुकडा आणि त्याच्या आधीचे एक-दोन तुकडे, एवढाच खरा मालक सांगणारा भाग. रेघेच्या उजवीकडे किंवा पत्त्याच्या सुरुवातीला काहीही लिहिता येतं. त्यामुळे एखाद्या पत्त्याची सुरुवात 'महाराष्ट्र-जीओव्ही' अशी असेल आणि शेवट 'डॉट कॉम' असेल, तर तो सरकारचा नाही. मोबाइलवर ब्राउझर पत्ता अर्धा झाकतो. पट्टीवर बोट ठेवून तो पूर्ण उघडून पाहा.

शेवटी 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असेल तर ते सरकारी. 'एसी डॉट इन' आणि 'एज्यु डॉट इन' शिक्षणसंस्थांना, 'रेस डॉट इन' संशोधन संस्थांना मिळतात. ही नावं ऐऱ्यागैऱ्याला मिळत नाहीत. याउलट 'डॉट कॉम', 'डॉट इन' आणि 'डॉट ओआरजी' पैसे भरून कोणीही घेऊ शकतो. 'ओआरजी म्हणजे सेवाभावी संस्था' हा समज अजून वर्गावर्गांत ऐकू येतो. तो काढून टाका. तसंच पत्त्याशेजारच्या कुलपाचं. त्या कुलपाचा अर्थ इतकाच की तुमचा मोबाइल आणि ती वेबसाइट यांच्यातलं बोलणं मधला कोणी ऐकत नाही. वेबसाइट स्वतः थापा मारत असेल तर कुलूप त्या थापाही सुरक्षितपणे तुमच्यापर्यंत पोहोचवतं.

आता सरकारी पत्ता मिळाला म्हणजे काम झालं का? निम्मं. माझं मत असं की सरकारी वेबसाइट तिच्या स्वतःच्या कामाबद्दल बोलते तेव्हा तिच्यावर भिस्त ठेवावी. शासन निर्णय, मंजूर निधी, पेरणीचा अहवाल, धरणाचा साठा, हे तिचं काम. पण त्याच वेबसाइटवर 'जिल्ह्याचा इतिहास' किंवा 'पर्यटन स्थळे' असं पान असतं, आणि तिथे किल्ल्यामागची दंतकथा, गावाच्या नावाची व्युत्पत्ती, देवीची आख्यायिका हे सगळं एका दमात इतिहास म्हणून सांगितलेलं असतं, आधार न देता. ते पान लिहिणाऱ्याचं काम इतिहास संशोधन हे नव्हतंच. तिथली माहिती 'असे सांगितले जाते' या शब्दांसह घ्या किंवा दुसरा आधार शोधा.

शासन निर्णयाची एक सोय लक्षात ठेवा. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या 'नवीन जीआर'च्या फोटोत शेवटच्या परिच्छेदाजवळ एक लांबलचक सांकेतांक असतो. राज्य शासनाच्या शासन निर्णयांच्या पानावर तो टाकून शोधा. सापडला तर तिथून मूळ पीडीएफ उतरवा आणि तीच वापरा. फोटोत सांकेतांकच नसेल, किंवा असून शोधात काही येत नसेल, तर तो जीआर प्रकल्पाबाहेर.

पायरी ३ : पान सोडून बाहेर पडा

आपल्याला शाळेपासून सवय लागलीय की पान नीट, वरपासून खालपर्यंत वाचायचं. पुस्तकाला ते ठीक आहे. वेबसाइट पारखायला ही सवय आड येते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ साली एक अभ्यास मांडला. त्यात १० इतिहासतज्ज्ञ, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी होते. सगळ्यांना काही वेबसाइट पारखायला दिल्या. पीएचडी झालेले इतिहासतज्ज्ञसुद्धा छान लोगो, गंभीर नाव, व्यवस्थित मांडणी यांना फसले, कारण ते त्याच पानावर बसून राहिले. तथ्यतपासनीस मात्र अनोळखी पान उघडल्या उघडल्या ते सोडून नव्या टॅबमध्ये गेले आणि या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते पाहिलं. वेळ कमी लागला, निष्कर्ष बरोबर आले.

तुम्हीही तेच करा. 'आमच्याविषयी' हे पान वाचत बसू नका. स्वतःविषयी कोणी वाईट लिहीत नाही. संस्थेचं नाव अवतरणचिन्हात टाकून शोधा, आणि तिचं स्वतःचं पान वगळायचं असेल तर शोधशब्दांपुढे वजा चिन्ह, त्याला लागून 'साइट', मग अपूर्णविरामाची दोन टिंबं आणि लगेच त्या वेबसाइटचा पत्ता लिहा. हा 'साइट' शब्द मात्र इंग्रजी अक्षरांत हवा. आता फक्त इतरांनी लिहिलेलं दिसेल. वर्तमानपत्रात त्या संस्थेचं नाव कशासाठी आलंय? एखाद्या विद्यापीठाच्या प्रबंधात तिचा आधार घेतलाय का? लेखकाचं नाव असेल तर त्याच नावाने पुन्हा शोध. 'डॉ.' लावलेला माणूस कशाचा डॉक्टर आहे हेही पाहावं. मातीपरीक्षणावर अधिकारवाणीने लिहिणारे डॉक्टर साहित्यातले पीएचडी निघालेले आहेत. साहित्यात पीएचडी असण्यात गैर काही नाही, पण मातीसाठी ती चालत नाही.

पायरी ४ : उगमापर्यंत चाला

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत करून दाखवतो.

बहिणाबाई चौधरींचा जन्म जळगावजवळच्या असोद्याचा. जन्मतारीख शोधली की ठिकठिकाणी एकच वाक्य भेटतं: २४ ऑगस्ट १८८०, नागपंचमीच्या दिवशी. ब्लॉगवर तेच, जयंतीच्या बातमीत तेच, भाषणांच्या संग्रहात तेच. एवढी पानं एकच सांगतात म्हटल्यावर विद्यार्थी निश्चिंत होतो.

आता जरा पडताळू या. पुस्तक नको, पंचांगही नको. नासाच्या वेबसाइटवर शेकडो वर्षांच्या ग्रहणांची यादी आहे. त्यात ११ जानेवारी १८८० रोजी सूर्यग्रहण दिसतं. सूर्यग्रहण अमावास्येलाच होतं, म्हणजे एक अमावास्या पक्की हाती आली. दोन अमावास्यांमध्ये सरासरी २९.५३ दिवस. सात वेळा पुढे गेलं की सुमारे २०७ दिवस. १८८० हे लीप वर्ष होतं, फेब्रुवारीचे २९ दिवस धरून मोजा. ११ जानेवारीपासून २०७ दिवस म्हणजे ५ ऑगस्ट. त्याच्या आसपास आषाढी अमावास्या झाली आणि श्रावण लागला. नागपंचमी म्हणजे श्रावण शुद्ध पंचमी, ती १० किंवा ११ ऑगस्टच्या सुमारास येते. २४ तारखेपर्यंत पौर्णिमाही उलटून गेलेली असते आणि वद्य पक्ष चालू असतो.

सरासरीने मोजल्यामुळे एखाद-दुसरा दिवस इकडेतिकडे होईल. दोन आठवडे होणार नाहीत. म्हणजे तारीख आणि तिथी यांतली एक कुठली तरी चुकलेली आहे, कदाचित दोन्ही. तरीही जोडी तशीच्या तशी सगळीकडे आहे. एका विहिरीचं पाणी शंभर घागरींत भरलं म्हणून शंभर विहिरी होत नाहीत. पानांची संख्या मोजून खरेपणा ठरवण्यात हीच गफलत आहे. साक्षीदार मोजायचे तर एकमेकांना न विचारता सांगणारे मोजा. वाक्यरचना, विशेषणं, अगदी शुद्धलेखनाच्या चुकाही जुळत असतील तर ते सगळे मिळून एकच साक्षीदार. पाहायची युक्ती सोपी आहे: संशयास्पद वाक्यातले सलग आठ-दहा शब्द अवतरणचिन्हात टाकून शोधा. कितींनी कोणाची नक्कल मारली ते तुमच्यासमोर उलगडतं.

मग प्रकल्पात लिहायचं काय? माझा अंदाज विचाराल तर, त्या काळी शेतकरी घरात इंग्रजी तारखेपेक्षा सणावरून जन्म लक्षात राहायचा, म्हणून तिथी आधीची आणि तारीख मागाहून बसवलेली असावी. पण हा अंदाज आहे, पुरावा नव्हे, आणि प्रकल्पात तो अंदाज म्हणूनच गेला पाहिजे. वाक्य असं करा: 'बहिणाबाईंचा जन्म १८८० साली असोदे येथे झाला. २४ ऑगस्ट ही तारीख आणि नागपंचमी ही तिथी अनेक ठिकाणी एकत्र दिली जाते. परंतु गणिताने त्या वर्षीची नागपंचमी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात येते.' परीक्षक या वाक्यावर थांबेल आणि चांगल्या कारणासाठी थांबेल.

बहिणाबाईंच्याच नावावर मोबाइलवर फिरणाऱ्या ओळींसाठीही उगमच शोधायचा. त्यांच्या कविता त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, मुलगा सोपानदेव यांच्या प्रयत्नाने पुस्तकरूपात आल्या. ओळ त्या छापील संग्रहात दाखवता आली तर घ्या. फुलांच्या चित्रावर छापलेली, खाली नुसतं 'बहिणाबाई' लिहिलेली ओळ कविता म्हणून उद्धृत करू नका.

पायरी ५ : पान केव्हाचं आहे

पानावर तारीख असतेच असं नाही, आणि असली तरी ती पान शेवटचं हलवल्याची असू शकते. अशा वेळी आतल्या मजकुरातून वय काढता येतं. लेखात आपल्या विद्यापीठाला नुसतं 'उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ' म्हटलंय? बहिणाबाईंचं नाव २०१८ मध्ये लागलं, तेव्हा मजकूर बहुधा त्याआधीचा. 'धुळे जिल्ह्यातील तळोदा' असं वाक्य दिसलं? नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला, म्हणजे मजकूर त्याच्याही मागचा किंवा मागच्यावरून उतरवलेला.

हे विभाजन आकड्यांत मोठा घोळ घालतं. १९९१ च्या जनगणनेत धुळे जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाखांवर आहे आणि २०११ मध्ये २० लाख ५० हजार ८६२. दोन आकडे शेजारी ठेवून 'वीस वर्षांत धुळ्यातून मोठे स्थलांतर' असा निष्कर्ष काढला की फजिती ठरलेली. १९९१ च्या धुळ्यात आजचं नंदुरबार होतं. त्याहून जुन्या कागदांत 'पूर्व खानदेश' आणि 'पश्चिम खानदेश' भेटतील. जुन्या खानदेश जिल्ह्याचे हे दोन भाग १९०६ मध्ये झाले, आणि आजचं जळगाव साधारण पूर्वेत, धुळे-नंदुरबार पश्चिमेत. १८८० च्या गॅझेटियरमधला (सरकारने छापलेल्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथातला) 'खानदेश' म्हणजे हे सगळं एकत्र. ज्या पानावर आकडा आहे पण त्या वेळची हद्द सांगितलेली नाही, तो आकडा तुलनेला वापरू नका.

जुनं पान नाहीसं झालं असेल किंवा बदललेलं वाटत असेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये पत्ता टाका. पूर्वी ते पान कसं होतं त्याच्या प्रती तारखेनिशी मिळतात. सगळ्या पानांच्या नाही, पण पुष्कळांच्या.

पायरी ६ : आकड्याला चार प्रश्न

कोणी मोजलं, कधी मोजलं, काय मोजलं, कोणत्या एककात. यातला तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त दुर्लक्षित.

२०११ च्या जनगणनेनुसार जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या एका पानावर ४२,२४,४४२ आणि दुसऱ्यावर ४२,२९,९१७ मिळेल. दोन्ही जनगणनेचेच आहेत. पहिला आकडा आधी जाहीर झालेला तात्पुरता, दुसरा अंतिम. प्रकल्पात अंतिम घ्यायचा आणि तसं नमूद करायचं. आणि 'जळगावची लोकसंख्या २०२५' असं छातीठोकपणे देणारी पानं? २०२१ ची जनगणना झालीच नाही. तो आकडा जुन्या वाढीच्या दराने पुढे ओढलेला असतो. अंदाज म्हणून ठीक आहे, पण त्यापुढे 'अंदाजे' हा शब्द हवाच.

अहिराणीचं उदाहरण अधिक गुंतागुंतीचं. किती लोक बोलतात यावर एक कोटीपर्यंतचे दावे दिसतात. २०११ च्या जनगणनेत 'खानदेशी' या गटाचे (अहिराणी याच गटात मोजली जाते) भाषक १८,६०,२३६ आहेत. मग खोटं कोण? जनगणनेने मातृभाषा काय सांगितली हे नोंदवलं. घरात अहिराणी बोलणाऱ्या किती कुटुंबांनी मोजणीदाराला 'मराठी' म्हणून सांगितलं असेल, हे आपल्या गल्लीत विचारून पाहा. शिवाय समजणारे वेगळे, बोलणारे वेगळे, मातृभाषा मानणारे वेगळे. तेव्हा जनगणनेचा आकडा 'मातृभाषा म्हणून नोंदवलेले' या शब्दांसह लिहायचा, आणि एक कोटीवाल्याला विचारायचं की मोजलं कोणी. त्याच्याकडे उत्तर नसेल तर अहिराणीवर आपलं कितीही प्रेम असलं तरी तो आकडा सोडायचा.

पायरी ७ : विकायला काय ठेवलंय

केळीवर लेख आहे, भाषा शास्त्रीय आहे, तक्तेही आहेत, आणि खाली 'आजच मागवा' असं बटण. टिश्यू कल्चरची रोपं विकणाऱ्याने केळीवर लिहू नये असं नाही. कधीकधी लागवडीतले बारकावे तोच उत्तम सांगतो. पण उत्पन्नाच्या दाव्यापाशी सावध व्हा. घडाचा फोटो आहे, वजन काट्यावर दिसतंय. बाग कोणत्या गावची? लागवड कोणत्या हंगामाची, मृगबाग होती की कांदेबाग? दोन झाडांतलं अंतर किती, खत-पाणी किती? हे वजन सगळ्या बागेची सरासरी आहे की राशीतला सगळ्यात मोठा घड उचलून काट्यावर ठेवलाय? शेजारी दुसऱ्या रोपांचा प्लॉट तुलनेला होता का? यातलं काही दिलेलं नसेल तर ती जाहिरात समजा. केळीवरच्या सीएमव्ही या विषाणूजन्य रोगावर 'शंभर टक्के इलाज' असं लिहिलेलं दिसलं तर पुढे वाचायचीही गरज नाही. विषाणूजन्य रोगावर फवारणीने खात्रीचा इलाज कोणी विकत असेल तर त्याला विक्री हवी आहे.

'जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालेले' असा शिक्काही आता पाकिटावर आणि पानावर सर्रास दिसतो. जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला ते २०१६ मध्ये मिळालं, हे खरं आहे. पण अमुक एका विक्रेत्याला तो शिक्का वापरायचा अधिकार आहे का, हा वेगळा प्रश्न. भौगोलिक मानांकनाची नोंदवही सरकारी वेबसाइटवर खुली आहे, तिथे पाहता येतं.

एमएच्या आणि पुढच्या विद्यार्थ्यांसाठी याच जातीची दुसरी गोष्ट: पैसे घेऊन चार दिवसांत लेख छापणारी नियतकालिकं. त्यांच्या पानावर 'यूजीसी मान्यताप्राप्त' मोठ्या अक्षरात असतं. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) मान्य नियतकालिकांची आपली केअर यादी २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केली, त्यामुळे आज तो दावा ऐकला की आधी भुवया वर जाव्यात. आयएसएसएन क्रमांक हा नुसता नोंदणी क्रमांक आहे, दर्जाचं प्रमाणपत्र नव्हे.

पायरी ८ : विकिपीडिया, एआय, फोटो

विकिपीडिया वापरू नका असं सांगणारे शिक्षक स्वतः रात्री तोच वाचतात. वापरा, पण दार म्हणून. लेखाच्या तळाशी संदर्भ असतात, ते उघडा आणि प्रकल्पात त्यांचा आधार घ्या. वाक्यापुढे संदर्भाचा आकडाच नसेल तर ते वाक्य कोणाचंही असू शकतं. 'इतिहास पहा' वर टिचकी मारली की कोणी कधी काय बदललं दिसतं, आणि 'चर्चा' पानावर भांडणं. वादग्रस्त विषयात ती भांडणं लेखापेक्षा उपयोगी पडतात. खानदेशातल्या गावांवरच्या मराठी पानांमागे बहुधा संदर्भ कमी असतात. तिथे विशेष जपून. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे आणि त्यातल्या नोंदींना लेखकाचं नाव असतं, तो आधी उघडावा.

एआयचं उत्तर तर आता शोधाच्या वर आपोआप येतं. भाषा इतकी सफाईदार की शंका घ्यायला सुचत नाही. हे यंत्र संदर्भही बनवून देतं: लेखकाचं नाव ओळखीचं वाटणारं, नियतकालिक खरं, वर्षही दिलेलं, आणि तसा लेख कधी लिहिलाच गेलेला नाही. म्हणून नियम पक्का करा की एआयने दिलेलं पुस्तक किंवा प्रबंध स्वतः डोळ्यांनी पाहिल्याशिवाय संदर्भसूचीत जाणार नाही. प्रबंध असेल तर शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) शीर्षक टाका, लेख असेल तर गूगल स्कॉलरवर, पुस्तक असेल तर नॅशनल डिजिटल लायब्ररीत किंवा आपल्या ग्रंथपालांकडे. मिळाला नाही तर सोडून द्या.

फोटोसाठी गूगल लेन्स पुरतं. तोच फोटो आधी कुठे, कोणत्या मथळ्याखाली आला ते पाहा. १९३६ च्या फैजपूर काँग्रेसवर प्रकल्प करणाऱ्यांसाठी एक खूण: अध्यक्ष म्हणून सुभाषबाबू दिसत असतील तर तो फोटो फैजपूरचा नाही. फैजपूरला अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. सुभाषबाबू १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनाचे.

पायरी ९ : नोंद तिथल्या तिथे

पान उघडं असतानाच वहीत पाच गोष्टी लिहा: लेखक, पानाचं शीर्षक, वेबसाइट कोणाची, पत्ता, आणि तुम्ही ते कोणत्या तारखेला पाहिलं. ही शेवटची तारीख सोडू नका, कारण पान उद्या बदलेल. शक्य असेल तर पीडीएफ करून ठेवा. सहाव्या रकान्यात 'याने हे कुठून घेतलं' लिहा. तो रकाना रिकामा राहिलेली नोंद शेवटी गाळायची, किंवा तशी कबुली देऊन वापरायची. दोन भरवशाचे स्रोत एकमेकांविरुद्ध जात असतील तर एकाला लपवू नका. दोन्ही द्या आणि तुमचा कौल कोणाकडे व का, ते एका वाक्यात सांगा.

नेटवर नसेल तेव्हा

खानदेशाबद्दलचं पुष्कळसं काही इंटरनेटवर आलेलंच नाही. जे आलंय त्यात १८८० चं खानदेश गॅझेटियर सगळ्यांच्या हाती लागतं आणि त्याचा उगम स्पष्ट आहे, मुंबई इलाख्याचं सरकार. तरी ते डोळे मिटून घ्यायचं नाही. पिकं, रस्ते, बाजार, महसूल यांसाठी ते मोलाचं आहे. पण भिल्ल समाजाविषयीची त्यातली पानं वाचताना लक्षात ठेवा की लिहिणाऱ्याला त्या लोकांवर राज्य करायचं होतं. तिथली विशेषणं स्वतःच्या वाक्यात उतरवू नका. 'गॅझेटियरकाराच्या मते' असं म्हणून अवतरणात द्या.

पुढचं काम पायांनी. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून कागदपत्रं सांभाळतंय. त्याच शहरातल्या समर्थ वाग्देवता मंदिरात हस्तलिखितं आहेत. पिकाच्या आकड्यांसाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांचं कार्यालय, गावाच्या आकड्यांसाठी तलाठी आणि ग्रामपंचायत. जाण्याआधी फोन करून वेळ विचारा, महाविद्यालयाच्या लेटरहेडवर प्राचार्यांच्या सहीचं पत्र आणि ओळखपत्र बरोबर न्या, कागदाचा फोटो काढायची परवानगी आधी घ्या, आणि फोटो काढलात तर त्याच फोटोत दप्तराचा किंवा फाइलचा क्रमांक येईल असं पाहा.